शटरची कमान तुटते तेव्हां

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली म्हणजे थोड्याच वेळांत चुडावा हें लहानसें स्टेशन लागतें. परभणी जिल्ह्यांतील या गांवीं माझ्या एका आप्तांचें घर आहे. रस्त्याच्या कडेनें वसलेल्या गांवांतून अलीकडे घर बांधण्याची जी रीत पडली आहे, तिच्याप्रमाणेंच हें घर बांधलेलें आहे. मागें राहत्या खोल्या, वर गच्ची आणि रस्त्याच्या बाजूस दोन गाळे. एका गाळ्यांत भाडेकरूचें किराणा दुकान; दुसरा घरच्या उपयोगाचा. त्यांत मोटारसायकल, खताचीं पोतीं, फवारणीचा पंप, आणि हंगामांत सोयाबीनची रास. जुन्या वाड्यास जसा दिंडीदरवाजा असे, तसें या घरास गुंडाळून वर जाणारें लोखंडी शटर आहे, आणि घरचीं मुलेंमाणसें दिवसांतून कित्येक वेळां त्याच्याखालून ये-जा करीत असतात.

गेल्या वर्षीं हें शटर जड होऊं लागलें. पूर्वीं घरांतील सून एका हातानें तें वर ढकलीत असे. पुढें त्यास दोन माणसें लागूं लागलीं. गंज चढला असावा असें समजून यजमानांनीं बाजूच्या खोबणींत तेल सोडलें, वंगण भरलें. दोन दिवस बरें वाटलें. पुन्हां तोच प्रकार. अखेरीस शटर छातीएवढें वर करावें आणि त्याच्याखालीं बाभळीचा एक दांडका टेकू म्हणून उभा करावा, अशी वहिवाट पडली. हा टेकू दीड महिना टिकला. एके सायंकाळीं मोटारसायकल आंत घेतांना तिच्या मुठीचा धक्का लागून दांडका निसटला आणि सबंध दार खालीं आलें. गाडीच्या मागील बैठकीची कड चेपली. घरांतील अकरा वर्षांचा मुलगा त्या वेळीं गाडी मागून ढकलीत होता. त्यानें त्या बैठकीवरचे हात नुकतेच काढले होते, एवढ्यावरच त्याचीं बोटें वांचलीं.

दुसऱ्या दिवशीं नांदेडहून शटरचें काम करणारा कारागीर आला. शिडीवर चढून, वरचें पत्र्याचें झांकण काढून त्यानें पाहिलें, आणि तीन कमानींपैकीं एक तुटली असल्याचें सांगितलें. घरच्या आजी खालीं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुटली म्हणल्यावर आतां तिच्यांत कशाचा जोर राह्यला, बाबा? काढून टाक आन् लाव दुसरी.” त्यानें शिडीवरूनच उत्तर दिलें, “आजी, तुटली ती एकच. बाकीच्या दोघी भरलेल्या हायत. तुम्ही लेकरांना घेऊन आंत बसा. मी हांक मारीपर्यंत बाहेर येऊं नका.”

आजींचा प्रश्न साधा होता, आणि तो पुष्कळांच्या मनांत असतो. मोडलेली वस्तु निरुपयोगी होते, ती धोक्याची कशी होईल, असें आपणांस स्वभावतःच वाटतें. शटरच्या बाबतींत हा समज किती महाग पडूं शकतो हें कळण्यास त्या पत्र्याच्या झांकणाआड काय चाललेलें असतें तें प्रथम पाहिलें पाहिजे.

ज्यास आपण आज सरसकट स्प्रिंग म्हणतों, त्यास मराठींत कमान हा जुना शब्द आहे. घड्याळास किल्ली देतांना आपण जी आवळतों ती कमान. टांग्याच्या बैठकीखालीं असे तीही कमान. चुडाव्याच्या फलाटावर उभें राहून आगगाडीच्या चाकांकडे नजर टाकली तर पोलादाचीं जाडजूड वेटोळीं दिसतात. सबंध डब्याचा भार त्यांच्यावर तोललेला असतो. या सर्वांचा धर्म एकच. पोलादास आपण दाबलें, ताणलें किंवा पिळलें, तर तें मूळच्या आकारास परत येऊं पाहतें. आणि जितकें अधिक पिळावें तितक्याच प्रमाणांत त्याचा परत येण्याचा जोर वाढतो. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं हा नियम प्रसिद्ध केला. कमानीस पीळ देण्याकरितां आपण जें श्रम करतों ते वांया जात नाहींत. ते तिच्यांत सांठून राहतात. घड्याळाची कमान ते श्रम थोडे थोडे करून रात्रंदिवस परत देते. उंदराच्या चापाची कमान ते एका क्षणांत परत देते. शटरची कमान रोज पहिलीप्रमाणें वागते, आणि बिघडली म्हणजे दुसरीप्रमाणें.

आतां शटरची रचना पाहूं. दाराच्या माथ्यावर, भिंतीस बसविलेल्या दोन आधारांवर, एक लोखंडी नळ आडवा असतो. कारागीर त्यास नुसतें पाइप म्हणतात. हा नळ फिरत नाहीं. त्याचीं दोन्ही टोकें पकडी आवळून घट्ट केलेलीं असतात. या नळावर थोड्या थोड्या अंतरानें दोन, तीन, किंवा दार रुंद असल्यास अधिक, पोकळ चक्रें बसविलेलीं असतात. प्रत्येक चक्राच्या पोटांत पोलादी पट्टीची एक गुंडाळी असते. घड्याळाच्या कमानीचीच ती थोरली बहीण. पट्टीचें आंतील टोक न फिरणाऱ्या नळांत अडकविलेलें, बाहेरील टोक फिरणाऱ्या चक्रास. एकमेकींत अडकविलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा जो पडदा आपणांस समोर दिसतो, त्याची वरची कड या चक्रांस जोडलेली असते. शटर खालीं ओढलें कीं चक्रें फिरतात आणि कमानी आवळल्या जातात. वर ढकललें कीं कमानी सुटूं लागतात, आणि सुटतां सुटतां पडद्यास वर खेचून घेतात.

या योजनेंतील खुबी अशी कीं, शटर जसजसें खालीं येतें तसतसा लोंबणारा भार वाढत जातो, आणि तसतसा कमानींचा पीळही वाढत जातो. भार आणि जोर हे दोघे जोडीनें वाढतात व जोडीनें कमी होतात. म्हणून चांगलें तोललेलें शटर अर्ध्यावर सोडलें असतां बहुधा तेथेंच राहतें; न धाडकन खालीं येतें, न झपकन वर जातें. आपल्या हातास जो हलकेपणा जाणवतो तो दाराचा मुळींच नव्हे. दार जड आहे तें जडच आहे. त्याचें ओझें दुसरें कोणी वाहत आहे, इतकेंच.

हें ओझें किती असतें? आठ फूट रुंद व आठ फूट उंच असें साधें शटर घ्या, आणि पत्रा सव्वा मिलिमीटर जाडीचा धरा. त्याच्या पट्ट्यांचें वजन ७० ते ८० किलोच्या घरांत जातें. म्हणजे सिमेंटच्या दीड पोत्याएवढें. शटर बंद असतां या वजनाचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर असतो, आणि पुरें गुंडाळल्यावर तो सुमारें आठ फुटांवर जातो. सिमेंटचें दीड पोतें चार फूट वर चढविण्याचें काम कमानी रोज सकाळीं करतात, आणि रात्रीं दार ओढून घेतांना तितकेंच काम त्यांच्यांत पुन्हां भरलें जातें. एखादा पूर्ण वाढलेला मनुष्य छातीएवढ्या ओट्यावरून खालीं आदळला असतां जो आघात होईल, तेवढी शक्ति बंद शटरच्या माथ्यावर रात्रभर मूकपणें बसलेली असते. शटर उघडें असतांनाही ती सर्व निघून जात नाहीं. पडदा वर घट्ट राहावा म्हणून कारागिरानें बसवितेवेळींच कमानींस कांहीं फेरे दिलेले असतात. ते तसेच राहतात. तेव्हां शटर वर आहे म्हणून कमानी मोकळ्या झाल्या, असें समजूं नये.

अशी ही पोलादी पट्टी तुटते तरी कां? शेतांतील बांधणीची तार हातानें तोडावयाची असल्यास आपण काय करतों? ती ओढून तुटत नाहीं. एकाच जागीं पुढें-मागें वांकवीत राहिलें म्हणजे तुटते. पोलाद थकतें, असें अभियंते म्हणतात, आणि या शब्दांत कविकल्पना फारशी नाहीं. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस अकस्मात् मोडला, आणि त्या अपघातांत पन्नासाहून अधिक माणसें मेलीं. वरून धडधाकट दिसणारा आंस मोडतो कसा, या प्रश्नानें त्या काळच्या विद्वानांस ग्रासलें. पुढें ऑगस्ट वोलर नांवाच्या जर्मन रेल्वे-अभियंत्यानें आंसांचे तुकडे यंत्रावर लक्षावधि वेळां वांकवून पाहिले, आणि एकदां सहज सोसला जाणारा भार पुनःपुन्हां दिल्यानें धातु कसा मोडतो हें दाखवून दिलें. एखाद्या बारीक ओरखड्यापासून, गंजाच्या टिंबापासून चीर सुरू होते; प्रत्येक वेळीं ती केसाच्या अंशानें पुढें सरकते; आणि उरलेल्या धातूस भार सोसेनासा झाला म्हणजे एका क्षणांत काम संपतें.

शटरच्या कमानीचें आयुष्य म्हणूनच वर्षांवर मोजण्यापेक्षां उघडझांपीवर मोजणें बरें. अमेरिकेंत घरोघरच्या गॅरेजच्या दारांस ज्या साधारण प्रतीच्या कमानी बसवितात, त्या १०,००० उघडझांपींसाठीं केलेल्या असतात. हाच आंकडा उदाहरणादाखल घेऊं. दुकानाचें शटर सकाळीं उघडून दुपारीं मिटावें, आणि पुन्हां तिसऱ्या प्रहरीं उघडून रात्रीं मिटावें, म्हणजे दिवसाच्या दोन उघडझांपी झाल्या. कमान साडेतेरा वर्षांहून थोडी अधिक पुरेल. पण घरच्या गाळ्याचें शटर दिवसांतून सहा वेळां वरखालीं होत असेल, तर साडेचार वर्षांतच ती संख्या भरते. दुकानापेक्षां घरचें शटर अधिक राबतें ही गोष्ट कोणाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. शिवाय उन्हाळ्यांतील धुरळा झांकणाआड जाऊन बसतो, आणि पावसाळ्यांत तोच ओल धरून ठेवतो. गंजास याहून सोयीची जागा कोणती? त्यांत चिमण्यांचीही भर. झांकणाच्या फटींतून शिरून त्या गुंडाळीच्या वर काड्यांचें घरटें रचतात, आणि आपल्याकडे चिमणीचें घरटें मोडण्यास कोणाचा हात धजत नाहीं. पिलें उडून गेलीं म्हणजे तें साफ करून घ्यावें, एवढें सुचवितों.

सर्वांत मोठें पाप मात्र माणसाच्या हातून होतें. तीन कमानींपैकीं एक तुटली कीं शटर जड होतें. नवी कमान घालावयाची तर सबंध पडदा उतरावा लागतो. खर्च होतो, दिवस मोडतो. मग यजमान म्हणतात, “एखादा फेरा जास्त दे आणि सध्यां चालतें कर.” कांहीं कारागीरही ही तोड स्वतःहून सुचवितात. नळ फिरवून राहिलेल्या दोन कमानींस अधिक पीळ दिला जातो आणि शटर हलकें होतें. घरांतील माणसें संतुष्ट होतात. परंतु तिघींचें काम आतां दोघी करीत आहेत, तेंही प्रत्येकीच्या मापाबाहेर पिळून. आणि त्यांचेंही वय पहिलीएवढेंच झालेलें असतें. दुसरी तुटते तेव्हां तिच्या वांट्याचा सर्व भार एकटीवर पडतो, आणि तो सहसा अशा वेळीं पडतो कीं जेव्हां दार हालत असतें व माणूस त्याच्याखालीं असतो.

येथें धोक्याचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत, कारण त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

पहिला धोका वजनाचा. कमान गेली कीं पडद्याचें ओझें वाहणारें कोणी उरत नाहीं, आणि तें आपल्या हातावर, टेकूवर किंवा डोक्यावर येतें. चुडाव्यास घडलें तें याच जातीचें. टेकू म्हणजे मोठी फसवणूक आहे. शटरची खालची कड अरुंद असते, दांडक्याचें टोक तिच्यावर ठरत नाहीं, आणि खालीं फरशी गुळगुळीत असते. पाय लागला, मांजर घासून गेलें, पुरे. शटर पडलें असतां डोकें तर राहोच, नुसतीं बोटें जरी सांपडलीं तरी जन्माचें व्यंग येऊं शकतें. जड झालेलें दार उचलतांना माणूस बोटें कोठें घालतो? मुठीनें भागेना म्हणजे पट्ट्यांच्या सांध्यांत. आणि तोच सांधा पडदा वळतांना मिटतो.

दुसरा धोका पिळाचा. तो ज्या कमानी शाबूत आहेत त्यांच्यांत असतो, आणि शटर दुरुस्त करूं जाणाऱ्या हौशी माणसास गांठतो. नळाचीं टोकें पकडींनीं आवळलेलीं असतात हें मघाशीं सांगितलें. या पकडीचे नट म्हणजे उंदराच्या चापाची खीळच. कारागिरास कमानी उतरावयाच्या असतात तेव्हां तो नळास मोठा पाइप-पान्हा लावून त्याचा सर्व जोर अगोदर स्वतःच्या हातांवर तोलून घेतो, मग पकड सैल करतो, आणि एकेक टप्पा सोडीत, पकड पुन्हां आवळीत पीळ उतरवितो. हें न जाणणाऱ्यानें नुसता नट फिरविला तर नळ गरकन उलट फिरतो. त्यावर पान्हा लावलेला असल्यास तोही त्याच्याबरोबर फिरतो आणि शिडीवरच्या माणसाचा जबडा, हात किंवा बरगडी जी समोर असेल ती फोडतो. शिडीवरून पडणें तें वेगळेंच. कोणी पडद्याची वरची कड चक्रांपासून सोडवूं लागतो. तसें केल्यास भार नाहींसा झालेलीं चक्रें भिरभिरूं लागतात. तुटलेल्या पट्टीची कडही सुरीसारखी असते, आणि चक्राच्या पोटांतून ती बाहेर काढतांना गुंडाळी एकदम उलगडते. आजींनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे.

मग घरच्या माणसानें काय करावें? प्रथम लक्षणें ओळखावीं. शटर जड होणें हें पहिलें लक्षण. तें सावकाश जड झालें तर गंज, वांकलेली खोबण किंवा सैल पडलेल्या कमानी यांचा संशय घ्यावा. परंतु काल हलकें होतें आणि आज एकाएकीं जड झालें, तर कमान तुटली असें धरूनच चालावें. तुटतांना बहुधा मोठा आवाज होतो. रात्रीं बंद शटरमधून फटाका उडाल्यासारखा आवाज आला आणि सकाळीं दार उचलेना, तर चोराचा किंवा भुताचा शोध करण्याचें कारण नाहीं. पडदा एका बाजूस तिरपा वर जाणें, वर गेलेलें शटर आपोआप हातभर खालीं सरकणें, गुंडाळतांना आंतून खरखर येणें, हींही त्याचींच चिन्हें. संशय आला कीं शटर पूर्ण खालीं घ्यावें आणि तेथेंच राहूं द्यावें. जमिनीवर टेकलेला पडदा कोणाच्या अंगावर पडत नाहीं. घरास दुसरें दार असेल तर तेंच वापरावें. चुडाव्याच्या घरास मागचें दार होतें. पण मोटारसायकल त्यांतून जात नव्हती, आणि तेवढ्या गैरसोयीपायीं दीड महिना टेकू लागला.

शटर वर असतांनाच कमान तुटली आणि तें अर्ध्यावर अडकलें, तर प्रसंग नाजूक होतो. अशा वेळीं त्याच्याखालून कोणीही जाऊं नये. मुलांस व जनावरांस दूर करावें, वाटेंत आडवा बांक किंवा दोरी घालावी आणि कारागिरास बोलवावें. खालीं उभें राहून मूठ धरून ओढूं नये. चुकून कोणी सांपडलेंच, तर एकट्यानें उचलूं जाऊं नये. चार माणसांनीं दोन्ही टोकांस धरून एकाच वेळीं उचलावें, आणि उचललें तसे दोन्ही बाजूंस दगड किंवा लांकडी ठोकळे सरकवीत जावें. मोटारीचा जॅक जवळ असेल तर तो सर्वांत उत्तम. चेंगरलेलें बोट वरून शाबूत दिसलें तरी डॉक्टरांस दाखवावें, आणि मोठी इजा असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

कारागिराशीं बोलतांना दोन गोष्टी आग्रहानें सांगाव्या. एक, जास्त फेरा देऊं नये. दुसरी, एक तुटली असली तरी सर्व कमानी एकदमच बदलाव्या. पडदा उतरण्याची मजुरी दोन्ही प्रकारें तितकीच पडते. नव्या शटरविषयीं भारतीय मानक संस्थेनें १९७९ सालीं ६२४८ क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें आहे, आणि त्यांत पट्ट्या, खोबणी व कमानी यांच्या पोलादाविषयीं सांगितलेलें आहे. ज्यांस नवें शटर करवून घ्यावयाचें आहे त्यांनीं दुकानदारास त्या मानकाची आठवण द्यावी. तो हंसला तर दुसरें दुकान पाहावें.

अलीकडे विजेच्या मोटारीवर चालणारीं शटरेंही आलीं आहेत. कळ दाबली कीं दार वर जातें, त्यामुळें तें जड झाल्याचें हातास कळतच नाहीं. तुटलेल्या कमानीचें ओझें मोटर कण्हत कण्हत ओढीत राहते. ज्या मोटरशटरांत कमानीही आहेत तेथें महिन्या-दोन महिन्यांनीं मोटर सोडवून, साखळीनें किंवा हातानें दार चालवून पाहणें हाच उपाय.

आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें आज अमेरिकेंत नोकरीस आहेत, आणि आईवडील सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहतात. तेथें घराच्या पोटांतच मोटारीची खोली असते आणि घरांतील माणसें तिच्याच दारानें आंत-बाहेर करतात. वर सरकत छताखालीं आडवें होणारें हें दार सी. जी. जॉन्सन या गृहस्थानें १९२१ सालीं काढलें. त्याच्या कमानी दोन तऱ्हेच्या असतात. एक दाराच्या माथ्यावरील दांडीवर पिळलेलें वेटोळें. दुसरी, दोन्ही बाजूंच्या रुळांस समांतर ताणलेली लांब कमान. ही दुसरी तुटली तर तिचा तुकडा चाबकासारखा खोलीभर उडतो. म्हणून तिच्या पोटांतून एक तारेचा दोर ओंवून दोन्ही टोकांस बांधलेला असावा लागतो. जुन्या घरांत तो नसतो. मुलाकडे गेलेल्या वडिलांनीं छताकडे पाहून एवढी एक गोष्ट विचारली तरी त्यांची फेरी सार्थकीं लागली असें मी म्हणेन. माथ्यावरील वेटोळें पिळण्यासाठीं ठरावीक मापाच्या पोलादी सळया असतात; त्यांच्याऐवजीं स्क्रूड्रायव्हर घालून कित्येकांनीं हात मोडून घेतले आहेत. आणि मोटरपासून दार सोडविण्याची जी तांबडी दोरी लोंबत असते, ती कमान तुटलेली असून दार वर असतां ओढली, तर दार सरळ खालीं येतें. १ जानेवारी १९९३ पासून अमेरिकेंत तयार होणाऱ्या घरगुती मोटरयंत्रांत अडथळा लागतांच दार परत फिरविण्याची सोय कायद्यानें सक्तीची झाली. ती सोय यंत्र दार चालवीत असतांनाची आहे. यंत्रापासून सुटलेल्या दारास ती अडवूं शकत नाहीं.

आतां पुन्हां चुडाव्यास येतों. त्या कारागिरानें शटर खालीं टेकवून, दोन भरलेल्या कमानींचा पीळ टप्प्याटप्प्यानें उतरविला, पडदा सोडवून नळ खालीं घेतला आणि तिन्ही कमानी नव्या घातल्या. तुटलेली पट्टी त्यानें मला हातीं घेऊन दाखविली. तुटल्या जागीं निम्म्याहून अधिक भाग जुन्या गंजानें काळपट तांबडा झाला होता. उरलेला भाग ताज्या धातूसारखा करडा, लखलखीत. तांबडा भाग म्हणजे कित्येक महिने सरकत आलेली चीर. लखलखीत भाग म्हणजे शेवटचा क्षण. आजींनीं चष्मा लावून तें पाहिलें आणि विचारलें, “म्हणजे ही आधींच तुटत आली होती?” कारागीर म्हणाला, “होय आजी. सांगत होती ती, जड होऊन.”

शटर आतां अर्ध्यावर सोडलें असतां तेथेंच राहतें. सून तें एका हातानें उचलते. कमानी बसविल्याची तारीख कारागिरानें झांकणाच्या आंतल्या बाजूस खडूनें लिहिली होती. खडू पुसला जाईल म्हणून ती मीं तेलरंगानें पुन्हां लिहवून घेतली, आणि तिच्याखालीं पांच वर्षांनंतरची तारीखही.